खांबाखालचं भात

वेणूबाई त्या खांबाच्या पाया पडायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट समजेल. आणि मी खोटं बोलत नाही. माझं भाताचं खाचर तिच्या खाचराला लागून, मधे एक बांध तेवढा. पहाटे मी अंबरनाथला, वेस्टला, स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसते आणि दुपारी परत येते. दुसऱ्याच्या घरातलं बघायला मला अर्धाच दिवस मिळतो, पण तेवढा मला पुरतो.

चामटोलीच्या अलीकडे आमचं गाव. शेतं सगळी खालच्या अंगाला, पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या कडेनं. वेणूबाईचा मुलगा पदू आनंदनगरच्या कंपनीत पत्रा दाबायच्या मशीनवर. सेकंड शिप, म्हणजे दुपारची पाळी असली की कंपनीची गाडी त्याला रात्री फाट्यावर सोडते आणि तिथून तो बांधाबांधानं चालत घरी येतो. मागच्या साली त्याच्या पायाखाली घोणस आली. चप्पल जाड होती म्हणून वाचला. त्या दिवसापासून म्हातारी रोज बॅटरी घेऊन पायवाटेवर उभी. ग्रामपंचायतीच्या पायरीवर किती वेळा जाऊन बसली त्याला गणती नाही. शेवटी मे महिन्यात खाचराच्या डोक्याला खांब उभा राहिला आणि वर ती पांढरी लाईट लागली. संध्याकाळ झाली की आपोआप पेटायची, सकाळी आपोआप जायची. उजेड असा की बांधावर सांडलेली मोहरी वेचून घ्यावी.

वेणूबाईनं खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली.

मी म्हटलं, "काकी, आता ओवाळणार पण काय त्याला?"

"तू गप गो सरस्वते. पोरगा माझा येतो काळोखातनं, तुझा नाय."

 मी आपली टोपली उचलली आणि चालायला लागले.

त्याच महिन्यात त्यांच्या घरात दुसरी गोष्ट चालली होती. वेणूबाईचा नवरा महिपतीदादा त्या खाचराला कंटाळला होता. खाचर खोलगट. पऱ्ह्याचं पाणी त्यात दिवाळीपर्यंत हटायचं नाही. हळवं भात लावलं की ते लवकर पिकायचं, पिकलं की पाण्यात आडवं व्हायचं आणि तिथंच कुजायचं. दर साली तेच रडगाणं. उल्हासनगरचा एक सेठ टेम्पो उभे करायला जागा बघत फिरत होता. अंगणात खुर्चीवर बसून बोलला, "चाचा, टेन्शन कायको लेता? मुरूम हम डालेगा, रोलर हम घुमायेगा. तुमको खाली बैठके भाडा खानेका."

महिपतीदादा मान हलवत होता. तेवढ्यात पडवीतून सून बोलली. चंद्री तिचं नाव. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीतली पोर. लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यासमोर मान वर करून बोलली नव्हती.

"बाबा, एक पावसाळा द्या मना. आमच्यात असल्या खोलात गरवाच लावतात. जिथं पाणी उशिरापर्यंत, तिथं भात पण उशिराचं. आयकडनं तांबड्या गरव्याचं बी आणते."

वेणूबाई फणकारली, "डोंगरातलं बी खाली आणून काय होणार हाय?"

महिपतीदादानं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, "बरं. एक पावसाळा. नाय पिकलं तर डंपर येतील. मग कोणी रडायचं नाय."

म्हणजे बघा, सगळं त्या पोरीच्या आणि तिच्या आईच्या बियाण्याच्या डोक्यावर आलं. खाचर राहिलं तर त्यांच्यामुळे, गेलं तरी त्यांच्यामुळेच.

चंद्री राबली मात्र. पालापाचोळा, शेण गोळा करून तिनं राब भाजला, त्या राखेत बी पेरलं. आवण, म्हणजे रोपं, हातभर झालं तेव्हा पदू आणि ती दोघं लावणीला उतरली. पदू शिपवरून येऊन दोन घास खायचा आणि चिखलात. चंद्रीच्या पायांना चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या, चालताना टाच टेकवायची नाही. मी तिला मेण आणि हळद गरम करून दिली. म्हटलं, "जरा बस गो बाय." तर म्हणते, "बसून कसं चालंल काकी, बी माझं हाय."

आणि भात काय आलं म्हणता! काळंशार. कमरेच्या वर. खांबाजवळचं तर सगळ्यात जोमदार. महिपतीदादा चहाच्या टपरीवर माणसं गोळा करून सांगायचा, "या, बघायला या. आमच्या सुनेचं भात." डुकरांच्या राखणीला त्यानं खाचराच्या मधल्या वरंब्यावर कुडाची उंच खोप बांधली होती, तिच्यात बसायची पण गरज पडली नाही. उजेड बघून डुकरं फिरकलीच नाहीत. वेणूबाईनं ते पुण्य पण खांबालाच दिलं.

भादवा गेला. माझं हळवं भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, माना टाकायला लागल्या. लांबच्या शेतांतलं गरवं पण पोटरीत आलं, म्हणजे काडीच्या पोटात लोंबी धरली, मग फुललं. चंद्रीचं मात्र नुसतं गवतासारखं उभं. हिरवं म्हणजे हिरवं. चंद्री रोज एक काडी उपटायची, नखानं चिरायची आणि आत बघायची. आत काही नसायचं. महिपतीदादानं युरिया मारला तर ते आणखी उंच झालं, बस.

टपरीवर आता दादा जायचा बंद झाला. एक दिवस जावंच लागलं तर कुणीतरी विचारलं, "काय दादा, वैरणीचा धंदा टाकलाव काय?" म्हातारा चहा अर्धा ठेवून घरी आला.

नवरात्रात चंद्रीची आई आली. टोपलीत चिबूड, काकड्या, गावठी झेंडू. डोंगर उतरून, जीपला लटकून आली होती. पायरीवर टेकली नाही तोच वेणूबाईनं तोंड सोडलं.

"या विहीणबाई. बघून या आधी तुमचं बी. वांझ हाय वांझ!"

बिचारी गोंधळली. "असं कसं होईल? आमच्यात कवाच निसवलंय. त्याच कणगीतलं बी हाय ते."

"म्हंजे चांगलं ठेवलाव आणि फोलपटं आमच्या पदरात घातलाव."

मी तिथंच होते, कोथिंबीर निवडत. माझ्याच कानशिलात कुणी मारावी तसं मला झालं. चंद्री चुलीपुढून उठून दारात आली. ताट वाढलेलं होतं. तिच्या आईनं त्या ताटाला नमस्कार केला, टोपली तिथंच रिकामी करून उचलली आणि म्हणाली, "जीप जाईल गो चंद्रे. येते मी." न जेवताच गेली. फाट्यापर्यंत चंद्री तिच्या मागे चालत गेली.

त्या वर्षी दसरा उशिरा आला होता. आमच्यात दसऱ्याला नवं करतात. आपल्या शेतातल्या लोंब्या आणायच्या, देवापुढं ठेवायच्या, झेंडू आणि आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधायच्या. सकाळी महिपतीदादा माझ्या दारात. हातात विळा, नजर जमिनीवर.

"सरस्वती, चार लोंब्या देशील? दार रिकामं राहायला नको."

आयुष्यात या माणसानं कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "दादा, चार काय, पेंढी घेऊन जा." पण मागून चंद्री आली, कमरेला पदर खोचलेला.

"बाबा, थांबा. दुसऱ्याच्या लोंब्या आपल्या दाराला नको. एक तरी असंल आपल्यात. मी बघून येते."

"अगं, कुठं बघणार हायेस?"

"सगळीकडं."

मी पण तिच्यामागे निघाले. एकटी सोडवेना तिला. बांधाच्या कडेनं बघितलं, खांबाकडून बघितलं, काही नाही. मग ती भातात शिरली. पात्यांनी हात कापत होते, गुडघाभर चिखल. मी बांधावरून नुसती ओरडतेय, "अगो जपून, सापबीप असायचा." खोपीच्या पलीकडे ती दिसेनाशी झाली. तिकडे पऱ्ह्याची बाजू, तिकडून कुणाचं येणंजाणं नाही.

आणि मग हाक आली. "काकीऽऽ!"

मी साडी खोचून धावले. खोपीच्या मागे बघते तर काय, चंद्री लोंब्यांत उभी. खऱ्या लोंब्या! तांबड्या कुसाच्या, भरलेल्या, वाकलेल्या. खोपीपासून सुरू होऊन पऱ्ह्यापर्यंत एक पट्टा, सुपासारखा पुढे रुंद होत गेलेला. दोन्ही अंगांना तेच हिरवं गवत आणि मधे हे पिकायला आलेलं भात. चंद्री हसतेय का रडतेय तेच कळेना. मी तर तिच्या गळ्यातच पडले, चिखलासकट.

लोंब्या घेऊन घरी गेलो. वेणूबाईनं बघितलं आणि पहिलं काय बोलली? "सरस्वतीच्या शेतातल्या हायत."

मी म्हटलं, "काकी, डोळे हायत ना? माझं भात पांढरं, हे तांबडं. चला, दाखवते."

सगळी वरात खोपीमागे. महिपतीदादानं पट्ट्यातली माती मुठीत घेतली, दाबली, वास घेतला. मग दोन पावलं बाजूला जाऊन तिथली घेतली. "माती तीच," म्हणाला. पाण्यात हात घातला. "पाणी तेच. युरिया तोच मीच मारला." वर आकाशाकडे बघितलं. "ऊन पण सगळ्यांवर तेच." आणि डोकं खाजवत बांधावर बसला. 

"देवीनं दिलं," वेणूबाई म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

दार सजलं. त्या दिवशी पदूला सुट्टी होती. संध्याकाळी चंद्री त्या पट्ट्याच्या कडेचं गवत काढायला परत गेली, पदू तिच्याबरोबर आणि मी आपली माझ्या बांधावर वाल बघत. सूर्य खाली गेला, आणि खांबावरची लाईट पेटली.

"अहो, बघा! बघा इकडं!" चंद्री पदूला ओरडत होती. "काकी, तुमी पण या!"

खोपीची सावली पडली होती. लांब, काळी, पऱ्ह्यापर्यंत, पुढे पुढे रुंद होत गेलेली. आणि लोंब्या बरोब्बर त्या सावलीत. सावली संपली की लोंब्या संपल्या, कात्रीनं कापावं तशा. उजेडात एक नाही.

पदू बघतच राहिला. "आयला! म्हंजे ही लाईट?"

"राजसीला दिवा चालू ठेवला की झोप लागते काय?" चंद्री म्हणाली. राजसी म्हणजे त्यांची धाकटी पोर. "मग भाताला कशी लागंल? हळवं दिवस मोजून पिकतं, गरवं दिवस लहान व्हायची वाट बघतं. रात्र मोठी झाली की त्याला कळतं, आता निसवायचं. इथं रात्रच नाय झाली! जूनपासून ह्याला वाटतंय उन्हाळाच चाललाय."

मी आजवर माती बघितली, पाणी बघितलं, वारा बघितला. शेताला काळोख पण लागतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. यायचं कशाला, काळोख काय विकत आणायला लागत होता?

पदूनं आईला आणलं. वेणूबाई सावलीत उभी राहिली. लोंब्या तिच्या हाताला लागत होत्या. ती एकदा लोंब्यांकडे बघायची, एकदा खांबाकडे. खांबावर तिनंच बांधलेली लिंबू-मिरची वाळून लोंबकळत होती.

"मग काय, विझवायची?" ती हळूच म्हणाली. "पदू येतो तिथनं."

चंद्रीनं सासूचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. "विझवायची नाय आई. मना पण ते येतात त्याची काळजी हाय. वाटेवर राहू दे उजेड. शेतावर नको."

पदूनं कंपनीतून भंगारातला पत्रा मागून आणला, त्याला वाकवून टोपीसारखं केलं. पण खांबावर चढायचं तर पंचायतीचा वायरमन पाहिजे. राजू त्याचं नाव. वेणूबाई स्वतः त्याला मोटारसायकलवरून उतरवून घेऊन आली.

राजू म्हणाला, "काकी, तुम्हीच लाईटसाठी आमचा भेजा खाल्ला होता ना? आता अर्धी झाकायची? मेरेको ऑर्डर नाही वरून."

"वरून कशाला, मी खालून सांगते ना. चढ."

"साहेब काय बोलले तर?"

"तर त्याला माझ्याकडं पाठव."

राजूनं कानाला हात लावला, मेन बंद केला आणि चढला. पत्रा बसवला, खाली उतरून मला हळूच म्हणाला, "साहेब को इधर भेजा तो साहेबच रडेगा." त्या संध्याकाळी लाईट पेटली तेव्हा वाटेवर पांढरा पट्टा पडला आणि खाचर काळंमिट्ट. महिपतीदादा बांधावर उभा राहून म्हणाला, "झोप बाबा आता."

पण ते सोपं नव्हतं. पाऊस निघून गेलेला. भात पोटरीत यायचं तर पायाखाली ओल पाहिजे. खोलगट खाचराला ज्या पाण्यासाठी आम्ही शिव्या घालायचो ते आता जपायची वेळ आली. फुटलेले बांध चिखलानं लिंपले. पऱ्ह्यात दगड, माती, युरियाच्या गोणी भरून आडवा बंधारा घातला आणि पाणी चरानं आत वळवलं. पदू शिपला जायच्या आधी खोरं मारायचा, तळहाताला फोड, मशीनवर बसल्यावर ते फुटायचे. वेणूबाई घमेली उचलायची. मी म्हटलं, "काकी, कंबर जाईल." तर म्हणाली, "जाऊ दे. विहीणबाईपुढं तोंड चाललं, आता कंबर चालू दे." मी हसले, आणि तिला पण हसू आलं.

दिवाळी झाली. सेठचा फोन आला, डंपर कधी पाठवू म्हणून. महिपतीदादानं फोन कानाला लावून खाचराकडे बघितलं. "अभी रुको सेठ," म्हणाला. "देखता है." फोन ठेवला आणि चंद्रीला म्हणाला, "बाय, लवकर कर म्हणावं तुझ्या भाताला."

चंद्रीचं काडी चिरणं चालूच होतं. एक दिवस मी अंबरनाथहून परत येतेय, टोपली डोक्यावर, तर ती बांधावरून पळत आली. तळहातावर चिरलेली काडी. आत कोवळं, पांढरं, रेशमासारखं काहीतरी.

"पोटरीत आलं काकी!"

मी टोपली तिथंच टाकली. अर्धा शेपू मातीत गेला, जाऊ दे.

खांबापासून लांबचं आधी निसवलं, मग मधलं, सगळ्यात शेवटी खांबाच्या पायाशी. थंडी पडली होती, काही दाणे पोचट राहिले, ते मी लपवत नाही. पण राहिलेलं भरलं. सगळं गाव वाल पेरून मोकळं झालं होतं, तेव्हा आमच्या खालच्या अंगाला एकच शेत तांबडं दिसायचं. टपरीवरची माणसं न बोलावता बघायला येत होती. वैरणीचं विचारणारा पण आला. महिपतीदादानं त्याला चहा पाजला, आणि तो पूर्ण प्यायल्याशिवाय उठू दिलं नाही.

सेठला त्यानं स्वतः फोन केला. "सेठ, दुसरी जगा देखो. इधर पानी बहुत है." आणि मोबाईल खिशात टाकून बराच वेळ एकटाच हसत बसला.

कापणीच्या आदल्या दिवशी वेणूबाईनं नवं लुगडं नेसलं, लोंब्यांची एक पेंढी फडक्यात गुंडाळली आणि मला म्हणाली, "चल गो माझ्याबरोबर."

"कुठं?"

"बारवीकडं. एकटीला मना लाज वाटते."

जीपनं गेलो, पुढे चढण चालत. म्हातारी दर वळणावर बसायची आणि परत उठायची. चंद्रीची आई अंगणात सारवत होती. आम्हाला बघून हात शेणातच राहिले तिचे. वेणूबाईनं पेंढी तिच्या ओटीत ठेवली. तिथं काय काय बोलायचं ते तिनं वाटेत माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं होतं, त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही.

"विहीणबाई," ती म्हणाली, "त्या दिवशीचं ताट तसंच राहिलंय तुमचं. उद्या कापणी हाय. न्यायला आलेय."

चंद्रीच्या आईनं हात पुसले आणि पेंढीवरून फिरवत राहिली. एक दाणा काढला, दाताखाली फोडला.

"भरलाय," म्हणाली.

"बी चांगलं होतं," वेणूबाई म्हणाली. "माझाच उजेड जास्त झाला."

मग दोघी रडल्या, आणि खरं सांगते, मी पण. तिघी खाली उतरलो तेव्हा संध्याकाळ होत होती. टोपी घातलेला खांब पेटला, वाट उजळली. पलीकडे खाचर काळोखात शांत उभं होतं. वेणूबाईनं खांबाजवळ थांबून सवयीनं हात जोडले. मग काय आठवलं कुणास ठाऊक, वळली आणि काळोखाकडे पण जोडले.